पाचव्या दिवशीचं अपडेट

आमच्या देवघरातली एक वस्तू चार्जिंगला लावावी लागते. सासूबाईंची पोथी.

छापील पोथीतली अक्षरं त्यांना मुंग्यांसारखी दिसू लागली, तेव्हा ई-रीडर घ्यायची अक्कल माझीच. त्यावर पोथी रीतसर विकत घेतली, अक्षरं चिंचोक्याएवढी केली. सासूबाई ते यंत्र चौरंगावर ठेवून हळदकुंकू वाहतात (चार्जिंगच्या भोकात गेलेलं कुंकू मी टाचणीने काढते). गेल्या महिन्यात त्या सात दिवसांच्या पारायणाला बसल्या. रोजचे अध्याय ठरलेले, खंड पडून चालत नाही. आणि संकल्प कशासाठी? माझा उजवा गुडघा बरा व्हावा म्हणून!

पाचव्या दिवशी सकाळी त्या आंघोळीला गेल्या आणि मला पडद्यावर ‘अपडेट उपलब्ध’ असं दिसलं. राहिलेलं काम माझ्याच्याने बघवत नाही. एका हाताने कुकर लावला, दुसऱ्या हाताने अपडेट.

सासूबाई येऊन बसल्या तर पोथीला कुलूप! ज्याच्या नावावर खरेदी झाली, त्याच्या ईमेलवर आलेला कोड टाका म्हणे. खरेदी नवऱ्याच्या नावावर, आणि नवरा मार्केट यार्डात समाप्तीच्या फुलांची ऑर्डर द्यायला गेलेला. फोन केला तर म्हणाला, “अगं, तो ईमेल जुन्या ऑफिसचा. नोकरीबरोबर तोही गेला.”

हेल्पलाइनवरची मुलगी गोड होती. पुस्तकाची कोणी नक्कल करू नये म्हणून अपडेटनंतर खरेदीदार पुन्हा तपासतात, त्याला दोन दिवस लागतील, असं तिने समजावलं. आणि तसंही पुस्तक आपलं नसतंच, आपण फक्त वाचायची परवानगी विकत घेतो! फोन मी स्पीकरवर ठेवला होता. ही दिवसातली दुसरी चूक.

“पैसे दिलेत ना आपण?” सासूबाईंनी मला विचारलं.

“दिलेत, आई.”

“मग पोथी कोणाची?”

“कंपनीची, आजी,” फोनमधून उत्तर आलं.

“मग गुडघाही कंपनीचाच बरा होणार.”

तोवर दुसरं एखादं पुस्तक वाचा, असं ती मुलगी सुचवू लागली. मी फोन ठेवला.

सासूबाईंनी कपाटाकडे बोट दाखवलं. तिथे लाल फडक्यात छापील पोथी होती. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. ‘कामं पडलीत’ म्हणत मी तिला शिताफीने चुकवत आले होते. त्या दिवशी मांडी घालून त्यांना वाचून दाखवायला बसले. दोन तास. गुडघ्यासाठी, गुडघ्यावर.

सातव्या दिवशी सकाळी कुलूप उघडलं. मी लगबगीने यंत्र चौरंगावर आणून ठेवलं. सासूबाईंनी ते उचललं आणि टीव्हीशेजारी नेऊन ठेवलं.

“राहू दे. तूच वाच. तुला अपडेट लागत नाही.”

पारायण पूर्ण झालं. पुढच्या महिन्यात दुसरं आहे. या वेळी संकल्प माझ्या दोन्ही गुडघ्यांसाठी. वाचणार अर्थात मीच.