चोवीस घरांच्या खिडक्या

आपल्या नोकरीवर जीव असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि त्याची ती नोकरी मीच सोडवली. तो माणूस म्हणजे माझा धाकटा मामा. मुळशीच्या धरणाच्या कडेला अर्ध्यावर थांबलेल्या एका इमारतीचा तो वॉचमन होता. चार मजले, चोवीस फ्लॅट, लिफ्टच्या जागी नुसता खड्डा, आणि राहायला एक माणूस नाही. फ्लॅट विकले गेले होते, पण वीज-पाण्याचं काही जमेना, म्हणून घेणारे आपापल्या गावी वाट बघत बसले होते. मामाचं काम एवढंच, की फाटकाशी खुर्ची टाकून बसायचं. पण मामाला खुर्चीत बसलेला मी कधी पाहिलाच नाही. बंद घर घुसमटतं, अशी त्याची ठाम समजूत होती. त्यामुळे सकाळी उजाडलं की किल्ल्यांचा जुडगा घेऊन तो चौथ्या मजल्यापासून एकेक घर उघडायचा, एकेक खिडकी उघडायचा, आणि तळमजल्याची शेवटची खिडकी उघडून पाणी पितो न पितो तोच वरची पहिली बंद करायची वेळ व्हायची. पावसाळ्यात तर विचारू नका. पाऊस घाटाकडून झोडपतो, म्हणून फक्त आडोशाची बाजू उघडायची, आणि वारा फिरला की तीन जिने पळत जाऊन ती लावून घ्यायची. अख्ख्या मुळशीत भिंतींना बुरशी चढायची, पण मामाच्या चोवीस घरांत नाही.

किल्ल्यांवरचे नंबर त्याला मान्य नव्हते. मामीच्या जुन्या लुगड्यांच्या चिंध्या त्याने किल्ल्यांना बांधल्या होत्या. हिरवी डॉक्टरीणबाईंची, जरीच्या काठाची दुबईवाल्यांची, लाल त्या भांडखोर जोडप्याची. यातल्या बहुतेकांना त्याने पाहिलेलंही नव्हतं, पण काळजी सगळ्यांची. एकदा भर मीटिंगमध्ये त्याचा मला फोन. "भाचेबुवा, दुबईवाल्यांच्या बेडरूममधी पाकोळीनं घर केलंय. पिल्लं उडूस्तर येऊ नका म्हनावं." जसे काही दुबईवाले बॅगा भरून दारात उभे होते. डॉक्टरीणबाई मात्र एकदा खरंच आल्या, तर त्यांच्याच घराच्या उंबऱ्यावर मामाने त्यांना चपला काढायला लावल्या. का, तर त्याने नुकतंच पुसलं होतं.

आता माझ्याविषयी. मी हिंजवडीत एका कंपनीत अठरा वर्षं नोकरी करतोय आणि अठरा वर्षं ती सोडणार आहे. माझी कुरकुर घरच्यांना इतकी पाठ आहे, की मी जेवताना थांबलो तर पुढचं वाक्य मुलगी म्हणते. आमच्यासारख्यांची संख्या वाढल्यामुळे असेल, पण कंपनीने 'आहे त्या नोकरीत समाधान' नावाची दोन दिवसांची कार्यशाळा भरवली, तीही मुळशीतल्या एका रिसॉर्टमध्ये. तिथल्या बाईंनी आम्हाला पिवळ्या चिठ्ठीवर आपल्या कामातल्या तीन आवडत्या गोष्टी लिहायला सांगितल्या. मी 'बुधवारची मिसळ' लिहिलं, दुसरी गोष्ट शेजाऱ्याची बघून लिहिली, आणि तिसरी सुचेना म्हणून खिडकीबाहेर बघत बसलो. समोर पाण्यापलीकडे मामाची इमारत. चौथ्या मजल्यावरची एक खिडकी उघडली, मग तिच्या शेजारची, मग तिच्या पुढची. खरी कार्यशाळा खिडकीबाहेर माझ्यासमोर चालली होती, आणि माझ्या मनात काय आलं असेल? बिचारा.

त्याच दुपारी जेवण टाकून मी मामाकडे, इमारतीमागच्या पत्र्याच्या खोलीत गेलो. आमच्या कंपनीत सिक्युरिटीत जागा होती, मी फोनवरून शब्द टाकला होता. थंडगार लॉबी, बिल्ल्याचा गणवेश, सुट्ट्या ठरलेल्या. मामी हरखली, किती वर्षं ती पक्क्या नोकरीसाठी त्याच्या मागे लागली होती. मामा बराच वेळ जुडगा नुसता चाळवत राहिला. मग म्हणाला, "आन् खिडक्या कोन उघडंल?"

मी हसलो. म्हटलं, "मामा, राहतंय कोण तिथे?"

बहिणीच्या लेकाचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता. "तुमी म्हनताय म्हंजे चांगलंच आसंल," एवढं बोलून त्याने जुडगा खुंटीला लावला.

पहिल्याच दिवशी मामा आमच्या सातही मजल्यांवर फिरून काचांच्या कडा बोटांनी चाचपत होता. सुपरवायझरने विचारलं, काय शोधताय, तर म्हणाला, कडी. सुपरवायझरने ते मला हसत हसत सांगितलं आणि मीही हसलो. संध्याकाळी मामा मला पार्किंगमध्ये भेटला. "भाचेबुवा, हितं उघडायला कायच न्हाई. दारंबी आपली आपुन उघडत्यात." तक्रार नव्हती त्यात. नंतर तो तेवढंही बोलला नाही. पगार चांगला, मामी खूश, मामा कसा आहे विचारलं की "बरं हाय." आणि ड्यूटीवर सगळ्यांना सर म्हणायचा नियम असल्यामुळे रोज सकाळी माझा मामा मला सलाम ठोकून "गुड मॉर्निंग सर" म्हणतो. मी मान खाली घालून कार्ड दाखवतो.

परवा शनिवारी मनाशी काही ठरवून मी त्या इमारतीवर गेलो. ती जागा मामाला परत मिळते का, ते बघावं. फाटकाशी नवा वॉचमन होता, बिहारकडचा. मागच्या पत्र्याच्या खोलीत त्याची बायको तान्ह्या बाळाला निजवत होती. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी जे विचारायला गेलो होतो ते विचारलं नाही. जुडगा खुंटीलाच होता. चिंध्या काढून त्याने नंबरांचे स्वच्छ बिल्ले लावले होते. वर पाहिलं. चोवीस घरांच्या खिडक्या बंद, आणि काचांच्या आतून वर चढलेली काळी बुरशी खालूनही दिसत होती.

सोमवारी दारात मामाने सलाम केला. तिकडे जातोय हे मी मामीला सांगितलं होतं, तिच्याकडून त्याला कळलं असावं. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून त्याने हळूच विचारलं, "खिडक्या?"

"उघड्या होत्या," मी म्हणालो. "सगळ्या."

कित्येक महिन्यांनी मामाचा चेहरा उजळला. माझ्या मागे माणसं येऊन थांबली होती. तो ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "थँक्यू सर."