स्पंज फार स्वच्छ धुऊ नये

सुजाताचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्ध्या गालाला साबण, अर्धा मोकळा. उत्तमची ही थोरली मुलगी एरवी फोनवर आधी "काका, जेवलात का?" विचारते आणि मग बाकीचं बोलते. त्या सकाळी सरळ म्हणाली, "काका, बाबा गेले. झोपेतच." आणि माझ्या तोंडून काय निघावं? "टाकीचा पंप चालू आहे का गं?" ती म्हणाली, "चालू आहे, काका." मी फोन ठेवला आणि उरलेला गाल सावकाश, नीट घोटून काढला. उभ्या जन्माचा दोस्त गेल्यावर माशांच्या पंपाची चौकशी करणारा माणूस मी! याला आता महिना होईल. रडू अजून आलेलं नाही. आमच्या शहरातल्या नळाच्या पाण्यासारखं झालंय ते, येईल येईल म्हणून वाट पाहायची, पण त्याचा वार काही ठरलेला नाही.

उत्तम आणि मी चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एकाच कारखान्यात, मेंटेनन्स खात्यात फिटर होतो. मी पिशोरकडच्या धनगराच्या घरातला, तो परभणीकडच्या एका खेड्यातला बौद्ध. शहरात तेव्हा रोज नवी शेड उभी राहत होती आणि हाताला काम येणारा माणूस लगेच चिकटत होता. मुकुंदवाडीत आमच्या खोल्या भिंतीला भिंत लागून. मी आधीपासूनच टापटिपीचा, म्हणजे बायकोच्या भाषेत किरकिऱ्या. कॉम्प्रेसरचा फिल्टर मी असा धुवायचो की सुपरवायझर तो उजेडाला धरून बाकीच्यांना दाखवायचा. उत्तम म्हणायचा, "भाना, तुला मशिनी कशाला दिल्या रं, तुला नवऱ्या सजवायला ठिवायला पायजे." त्याचा स्वतःचा जीव मात्र माशांत. लोखंडी अँगलची चौकट, तिच्यात पुट्टीनं बसवलेल्या काचा, अशी टाकी त्यानं खोलीतच बनवली होती. फिल्टरही हातचाच. भोकं पाडलेल्या नळीवर स्पंजाचा गोळा चढवलेला, आणि नळीत हवा सोडणारा छोटा पंप. बुडबुडे वर जाताना पाणी स्पंजातून ओढलं जायचं आणि घाण स्पंजात अडकायची. टाकीत अकरा मासे होते, एकेकाला त्यानं नाव दिलेलं.

मग विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावोगावी दलितांच्या वस्त्या पेटल्या. उत्तमच्या गावाहून निरोप आला की भावाचं घर जाळलं. तो माझ्या दारात आला, खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "मासे बघ." त्याचं तेव्हा लग्न झालेलं नव्हतं, खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणायला हवं होतं, "थांब, मीही येतो." ते शब्द माझ्या जिभेवर होते, हे मी शपथेवर सांगतो. पण गावात कोण भेटेल, मला कुणाच्या बाजूचा समजतील, आमच्या पिशोरात कळलं तर काय होईल, असल्या हिशेबात मी उंबऱ्यातच उभा राहिलो आणि तो एसटी स्टँडकडे चालायलाही लागला. त्या दिवसांत कारखान्यात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडायचे, पण घोळके वेगवेगळे. मी ड्यूटीवरून आलो की उत्तमच्या खोलीत जाऊन बसायचो. दुसरं काहीच करता येत नव्हतं, म्हणून एक दिवस त्याचा फिल्टर धुतला. कारखान्यात धुवायचो तसाच. गरम पाणी, साबणाचा चुरा, पिळून पिळून दोनदा उन्हात वाळवला. आधी तपकिरी बुळबुळीत होता, तो पांढराशुभ्र झाला. मला बरं वाटलं... खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

चार दिवसांत अकराच्या अकरा मासे गेले.

नवव्या दिवशी उत्तम परतला. सोबत त्याची भावजय आणि भावाची दोन लेकरं, आणि सगळ्यांच्या कपड्यांना धुराचा वास. त्यानं रिकामी टाकी पाहिली.

"पाणी बदललं व्हतं का?"

"नाय. फिल्टर धुतला."

"कशानं?"

"साबणानं."

त्यानं स्पंज हातात घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि म्हणाला, "लई स्वच्छ धुतलास रं." एवढंच. मग तो लेकरांसाठी चूल पेटवायला गेला. पुढं कधीतरी त्यानंच समजावलं की स्पंजातल्या त्या बुळबुळीत घाणीत बारीक जीव असतात आणि माशांच्या घाणीचं विष तेच पचवतात. ते धुऊन काढले की पाणी काचेसारखं दिसतं आणि मासे मरतात. म्हणून स्पंज टाकीतल्याच पाण्यात दोनदा पिळायचा, तिसऱ्यांदा नाही. हे सांगताना त्याच्या आवाजात राग नव्हता. मला तो हवा होता. दोन शिव्या घातल्या असत्या तर मी मोकळा झालो असतो.

वर्षभरानं त्यानं पुन्हा मासे आणायचं ठरवलं, तेव्हा मी हट्टानं त्याच्याबरोबर शहागंजला गेलो. मनात होतं की सगळ्यात मोठा, सगळ्यात भारी फिल्टर त्याला घेऊन द्यावा. दुकानदारानं चार प्रकार मांडले. कोळशाचा डबा, वाळूखाली अंथरायची जाळी, परदेशी मोटरीचा एक झगझगीत नमुना आणि साधा स्पंज. उत्तमनं प्रत्येक फिल्टर पाण्यात लावला, चालू केला, मग बटण बंद करून मनातल्या मनात शंभर मोजले आणि पुन्हा चालू केलं. झगझगीत मोटर नुसतीच घुरघुरली, तिच्यात पाणी भरून दिल्याशिवाय चालेना. दुकानदार वैतागला. "कायकू इत्ता तपासते भई? मच्छी पालना है के पावरहाऊस चलाना है?" उत्तम शांतपणे म्हणाला, "आमच्याकडं लाईट जाती, मियाँ. गेलेली लाईट आली की जो आपणहून चालू व्हतो, तोच भरवशाचा." खरंच होतं ते, कारखान्यांची लाईन टिकायची आणि आमच्या वस्तीची जायची. त्यानं साधा स्पंज आणि छोटा पंप उचलला. पैसे त्यानंच दिले, माझा हात खिशातच राहिला. वाटेत एवढंच म्हणाला, "ज्यात बिघडायला कमी, ते घ्यावं."

त्यानंतरची सगळी वर्षं एक रीत पडली. फिल्टर धुवायचा रविवार आला की त्याचा निरोप यायचा, "ये." मी जायचो. पुढं त्याचं लग्न झालं, मग चहा कमलवहिनी ठेवायच्या. उत्तम टाकीतलं पाणी मगात काढायचा, स्पंज दोनदा पिळायचा, परत बसवायचा, आणि मी मागं हात बांधून उभा. मी असं धरून चाललो होतो की ही माझी शिक्षा आहे. बघ, असं धुतात. नामांतराच्या मोर्च्यात उत्तम पकडला गेला आणि आठवडाभर आत होता, तेव्हा मासे वहिनींनी सांभाळले. किल्ली माझ्याकडे आली नाही. हेही मी शिक्षेत धरलं. शेवटी विद्यापीठाला नाव लागलं, त्या दिवशी त्याच्या घरी पेढे खाल्ले, तो रडला, वहिनी रडल्या, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तो मग, तो स्पंज, माझे हात मागं. मी एकदा तरी विचारायला हवं होतं, "उत्तम, तू मला माफ केलंस का?" नाही विचारलं. जो माणूस "मीही येतो" म्हणाला नाही, त्यानं कोणत्या तोंडानं विचारायचं!

उत्तमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेलो, मेणबत्ती लावली, चार माणसांशी बोललो आणि काहीच न वाटता घरी आलो. परवाच्या रविवारी सुजातानं बोलावलं. वहिनी तीन वर्षांपूर्वीच गेल्या, घर आता तीच बघते. तिनं मोबाईल पुढं केला. "काका, नवं फिल्टर घेऊ म्हणते. हे बघा, सगळं ऑटोमॅटिक. कोणतं घेऊ?" मी सवयीनं विचारलं, "लाईट जाऊन आली की आपणहून चालू होतं का?" तिला ठाऊक नव्हतं. मी टाकीकडे पाहिलं. बुडबुडे मंद झाले होते, स्पंज घाणीनं गच्च भरलेला.

"महिनाभर धुतला नाही का कुणी?"

"नाही. बाबांनी सांगून ठेवलं होतं. माझ्यामागं भानाशिवाय कुणाचा हात लागू द्यायचा नाय."

"मी? अगं, माझ्या हातून..."

"अकरा मासे. माहीत आहे. बाबा म्हणायचे, ज्याच्या हातून एकदा मेले तो परत चुकत नाय."

म्हणालो, "मग इतक्या वर्षांत एकदाही मला हात लावू दिला नाही त्यानं."

सुजातानं माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. "तुम्ही कधी मागितलाच नाही, काका. बाबा तर तुम्ही आल्याशिवाय धुवायचे नाहीत. आई म्हणायची, किती वाट बघता त्याची? बाबा म्हणायचे, करंल की एक दिवस हात पुढं."

मी खाली बसलो. टाकीतलं पाणी मगात काढलं. स्पंज हातात घेतला, एकदा पिळला, तपकिरी पाणी निघालं. दुसऱ्यांदा पिळला. तिसऱ्यांदा हात आपोआप आवळला जात होता, तो थांबवला. तसाच मळका स्पंज नळीवर बसवला, आणि बुडबुडे पुन्हा भरभरून यायला लागले. सुजातानं विचारलं, "झालं, काका?"

"झालं," मी म्हणालो. "पुढच्या वेळी निरोप पाठवू नकोस. मीच येतो."