सोडलेलं गोड

माझ्या मालकांना लकवा झाला, तेव्हा मी रामपायलीच्या रामासमोर गोड सोडलं. हे चालायला लागेपर्यंत गुळाचा खडाही तोंडात घालणार नाही, असं मनात बोलले. इतके दिवस जातील असं तेव्हा वाटलं नव्हतं.

मग मलाच खोकला लागला. यांना उठवताना ठसका यायचा आणि हात सुटायचे. सरकारी दवाखान्यात फोटो काढला. छातीत काही निघालं नाही, पण गोळ्या संपल्या तरी खोकला राहिलाच. एकदा यांना उचलता उचलता दोघंही खाली बसलो. त्या दिवशी मी घाबरले. मी पडले तर यांना उठवणार कोण?

शेजारणीने बालाघाटला एका म्हाताऱ्या हकीमसाहेबांकडे नेलं. ते मंद आचेवर मध ठेवून वर आलेला फेस चमच्याने काढत बसले होते. त्यात ज्येष्ठमध, पिंपळी, दालचिनीची पूड कालवून ते चाटण करतात. मी हळूच विचारलं, मधाशिवाय होणार नाही का?

ते हसले. "बेटी, शहद निकाला तो मसाला बचेगा. फिर सब्जी में डाल लेना."

चाटणाची डबी आणून कोनाड्यात ठेवली. उघडली नाही. हे अंथरुणावरून बघत होते. म्हणाले, "तुह्यं गोड ठेवून राम काय करन वं?" मी चाटलं आणि यांचा पाय तसाच राहिला तर, एवढंच डोक्यात होतं.

शेवटी यांना शेजारणीवर सोपवून रामपायलीला गेले. देवळात खांबाला टेकून बसले. इतकी थकले होते, की काय मागायला आले तेही आठवेना. एक अनोळखी बाई पंचामृत वाटत आली. सवयीने हात पुढे केला. तळहातावर पडलं, तेव्हा कळलं की यात साखर आहे, मध आहे. हात तसाच धरून राहिले. थेंब मनगटाकडे ओघळायला लागला.

"काहून थांबली वं बाई?"

"मी गोड सोडलं हाय."

"कोनाच्या नावानं?"

मी गाभाऱ्याकडे पाहिलं.

"मंग हे त्याच्याच घरचं त हाय. तुह्यं गोड त्याले पाह्यजे असतं, त तुह्या हातावर कायले देलं असतं?"

मी प्यायले. ती पुढच्या माणसाकडे वळली. नंतर शोधलं, पण दिसली नाही. गावातलीच कोणी असेल. मला मात्र ज्याला विचारायला गेले होते, त्याचं उत्तर तिच्या तोंडून मिळालं.

घरी येऊन डबी उघडली. खोकला हळूहळू कमी झाला. हे अजून चालत नाहीत, भिंतीला धरून उभे राहतात. मीही थकलेलीच असते, आणि चहा अजून बिनसाखरेचाच पिते. पण यांचा पाय माझ्या जिभेवर टांगलेला नाही, एवढं आता कळतं. सगळा भार मी एकटीच धरून बसले होते. रोज सकाळी बोटभर चाटण घेते, यांच्या बगलेत हात घालते आणि रामाला म्हणते, आता तूही धर.