ओलेटाबाईंनी लिहवून घेतलेलं 'हो'

अमेरिकेतल्या टॅनर्स फोर्क गावच्या सरकारी मदत कचेरीत रेनिटा मन्सीने एकोणीस वर्षं काढली. डोंगरातल्या खाणी एकेक करून बंद पडल्या तेव्हा ती त्याच टेबलाशी होती, आणि अंगदुखीच्या गोळ्यांनी घरंच्या घरं पोखरली तेव्हाही तिथेच होती. समोर बसलेला माणूस कुठल्या प्रश्नाला नजर खाली घालणार, हे तिला आधीच कळायचं. म्हणून राज्याने नवा कायदा आणला तेव्हा तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही. मदत मागणाऱ्याने आधी नशेबद्दलच्या प्रश्नांचा फॉर्म भरायचा. त्यात एक जरी 'हो' आलं, तर लघवीची तपासणी. तपासणीत काही निघालं तर मदत अडकली. रात्रीच्या जेवणाला ती नवऱ्याला म्हणाली, "यात फक्त खरं बोलणारा सापडेल." म्हणाली आणि विसरून गेली. तसं कोणी येईल असं तिला वाटलंच नव्हतं.

पहिल्या आठ महिन्यांत तिने दोनशेच्या वर फॉर्म भरले. सगळे 'नाही'. एक गडी तर खुर्चीत पेंगत पेंगत 'नाही, नाही' म्हणत गेला, आणि शेवटच्या 'नाही'ला त्याचा डोळाच लागला. रेनिटाने लिहून घेतलं. बोललं ते लिहायचं, एवढंच तिचं काम.

एप्रिलमध्ये ओलेटा स्टिल्टनर आल्या. वय बासष्ट, सडसडीत बांधा, अंगात चर्चला जायचा निळा झगा, बरोबर सात वर्षांची नात, एम्बर्ली. गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात ओलेटाबाईंनी सव्वीस वर्षं राबून काढली होती. डुकराच्या हाडावर शिजवलेला त्यांच्या हातचा घेवडा आणि मक्याचा पाव अर्ध्या काउंटीने, म्हणजे अर्ध्या जिल्ह्याने, खाल्ला होता, रेनिटानेही. गेल्या वर्षी शाळा बंद झाली. पाठोपाठ लेक लाडोना गोळ्यांपायी तुरुंगात गेली आणि दोन्ही नाती आजीच्या पदरात आल्या. धाकटी चार वर्षांची, तिला शेजारणीकडे ठेवलं होतं.

नाव, पत्ता, घरात किती माणसं, हे सगळं झालं. मग रेनिटाने नवा कागद पुढे ओढला आणि सवयीने वाचला. गेल्या तीन महिन्यांत, डॉक्टरने तुमच्या नावाने लिहून न दिलेली नशेची गोळी घेतली का?

"हो," ओलेटाबाई म्हणाल्या.

रेनिटाचं पेन 'नाही'च्या चौकोनावर टेकलंसुद्धा होतं. तिने ते उचललं आणि काय झालं होतं ते विचारलं. फेब्रुवारीत दाढ सुजली होती. दातांचा डॉक्टर गावात एकाआड एक गुरुवारी यायचा. शेजारणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, तिच्या गोळ्यांतल्या दोन ओलेटाबाईंनी घेतल्या. दोन दिवस, दोन गोळ्या. गुरुवारी दाढ काढली, गोष्ट संपली.

"ओलेटाबाई, हा प्रश्न नशा करणाऱ्यांसाठी आहे. दाढेसाठी नाही."

"तसं लिहिलंय तिथे?"

रेनिटाने पुन्हा वाचलं. तसं लिहिलेलं नव्हतं.

"मी 'नाही' लिहिते, तुम्ही सही करा. कोणी विचारायला येणार नाही."

"तू 'हो' लिही, पोरी."

मग रेनिटाने मुद्दाम भीती घातली. चाळीस मैलांवर जावं लागेल, खिसे उलटे करून दाखवावे लागतील, परकी बाई न्हाणीच्या दाराशी उभी राहील. निकाल येईपर्यंत मदत नाही. नाव यादीत गेलं की मुलांचं बघणारे सरकारी अधिकारीही नाती काढून घ्यायला दारात येऊ शकतात. हे शेवटचं ऐकल्यावर ओलेटाबाईंचा हात नातीच्या खांद्यावर गेला.  मग त्या बोलल्या, ते नातीच्या देखतच.

"हिच्या आईने हिला रोज 'नाही'च सांगितलं. उभं राहता येत नसायचं, भिंत धरून चालायची, तरी 'नाही'. आता ही मला विचारते. रोज, जेवायला बसलं की. आजी, गोळी घेतलीस का? दाढ दुखत होती तेव्हाही विचारलं, आणि मी 'हो' म्हटलं. दोन दिवस पोर जेवली नाही. पण तिसऱ्या दिवशी मी 'नाही' म्हटलं, तेव्हा तिला ते खरं वाटलं." त्यांनी हनुवटीने कागदाकडे खूण केली. "आता तिच्यासमोर माझ्या नावावर काय लिहायचं, ते तूच बघ."

एम्बर्ली आजीकडे बघतच नव्हती. ती रेनिटाच्या पेनाकडे बघत होती.

रेनिटाने 'हो' लिहिलं.  पुढचा फॉर्म कुठे असतो हे कचेरीत कोणालाच ठाऊक नव्हतं. साहेबांनी कपाटं धुंडाळली, तेव्हा तळाशी गठ्ठा सापडला. त्याचं वेष्टणसुद्धा फुटलेलं नव्हतं.

ओलेटाबाई चर्चच्या गाडीने जाणार होत्या. रेनिटाने रजा टाकली, कोणाला न सांगता आपली गाडी काढली आणि सकाळी त्यांच्या दाराशी उभी राहिली. नियमात हे बसत नव्हतं. नाती शेजारणीकडे राहिल्या.

तपासणीच्या ठिकाणी ओलेटाबाईंची पर्स काढून घेतली, खिसे पाहिले. कोणी नळाचं पाणी मिसळू नये म्हणून न्हाणीतला नळ बंद ठेवलेला, संडासाच्या भांड्यातलं पाणी निळं केलेलं. दाराशी उभी राहणारी पोरगी पंचविशीची. तिने नाव वाचलं, वर पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"मिसेस स्टिल्टनर," ती म्हणाली, "शाळेत तुम्ही मला नेहमी पावाचा दुसरा तुकडा द्यायचात."

"उपाशी यायचीस ना तू. आता तुझं काम कर, बाई. दार किती उघडं ठेवायचं तेवढं सांग."

पण काही होईना. पाणी प्यायल्या, पुन्हा गेल्या, पुन्हा रिकाम्या हाताने आल्या. एक तास गेला, दोन गेले. निळा झगा गुडघ्यांवर सारखा करून ओलेटाबाई ताठ बसल्या होत्या, जणू शाळेच्या घंटेची वाट बघताहेत. तिसऱ्या तासाला एकदाचं काम झालं.

त्या तीन तासांत रेनिटाला आपली पर्स मांडीवर ठेवणं जड झालं होतं. तिने ती खाली जमिनीवर ठेवली, मग पायाने आणखी मागे सरकवली. त्या पर्समध्ये तिच्या नवऱ्याच्या पाठदुखीच्या गोळ्या होत्या. दीड वर्षापूर्वी खांदा दुखला म्हणून तिने अर्धी घेतली होती. मग झोप यावी म्हणून घेत राहिली, मग कशासाठी ते विचारणंही तिने सोडलं. कचेरीतल्या माणसांनाही दरवर्षी असाच एक कागद भरावा लागे. रेनिटा त्यावर 'नाही' लिहून सही करत असे. त्याला तिने कधी खोटं म्हटलंच नव्हतं. नवऱ्याच्या गोळीला कोण चोरी म्हणतं?

परतीच्या वाटेवर, ओढ्याकाठच्या वळणांवर, तिने हे सगळं सांगून टाकलं. का सांगितलं ते तिला पुढेही नीट सांगता आलं नाही.

ओलेटाबाईंनी विचारलं, "किती घेतेस?"

"अर्धी. कधी अख्खी."

"आज घेतलीस?"

रेनिटाच्या तोंडाशी 'नाही' आलं होतं. "हो," ती म्हणाली.

"मग गाडी बाजूला घे. मी चालवते."

आणि खरोखर त्यांनी चालवली, स्टिअरिंगला नाक टेकवून, ताशी तीस मैलांनी. मागे ट्रकांची रांग लागली, भोंगे वाजले, ओलेटाबाई ढिम्म हलल्या नाहीत. उपदेशाचा एक शब्द त्या बोलल्या नाहीत. रेनिटा शेजारी बसून त्यांच्या भाजल्याच्या खुणा असलेल्या हातांकडे बघत राहिली. पोटाला दोन घास मिळावेत म्हणून अर्ज करायला आलेली ही बाई, अंगाची झडती देऊन परतताना तिलाच सांभाळून घरी नेत होती. असं माणूस तिने एकोणीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

दहा दिवसांनी निकाल आला. काही सापडलं नाही. नातींची मदत सुरू झाली. रेनिटाने त्याच आठवड्यात नवऱ्याला सांगितलं, मग डॉक्टरला. साहेबांना सांगायला तिला जूनपर्यंत धीर झाला नाही. सहा आठवडे बिनपगारी उपचार झाले आणि नावापुढे शेरा बसला. मिळणार होती ती बढती दुसऱ्याच कोणाला मिळाली. त्या सहा आठवड्यांत वाईट दिवस पुष्कळ आले. अशाच एका दुपारी ओलेटाबाई घेवड्याचं पातेलं घेऊन पायरीशी आल्या. रेनिटाने त्यांना विचारलं, त्या दिवशी तुम्हाला भीती कशी वाटली नाही?

"वाटली की," त्या म्हणाल्या. "तीन तास त्या कपात थेंब पडेना, ते काय उगाच?"

वर्ष संपलं तेव्हा काउंटीचा अहवाल निघाला. 'हो' म्हणणारे : एक. दोषी : शून्य. राजधानीत कोणी म्हणालं, पाहा, कायद्याचा धाक बसला. कोणी म्हणालं, फुकटचा खर्च. कायदा मात्र राहिला.

ओलेटाबाईंना नंतर म्हाताऱ्यांच्या शुश्रूषाघरात स्वयंपाकाचं काम लागलं. पहिल्या पगाराआधीच त्या कचेरीत आल्या आणि मदत थांबवायला सांगून गेल्या. रेनिटाने त्यांना सांगितलं, नियमाने अजून एक महिना मिळतो, घ्या. त्यांनी तो नियम तिच्याकडून दोनदा वाचून घेतला, खरंच तसं लिहिलंय याची खात्री केली, आणि मग तो महिना घेतला.