सेनगावच्या अंगणातले हळदीचे दोन ढीग

हिंगोली स्टेशनात उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. मी कोकणातला, सातवीत शाळा सुटलेला. तुर्कस्तानातल्या मर्सिन बंदरात भांडी घासता घासता तिथली भाषा कानाने शिकलो. मसाल्याचे व्यापारी ओरहान बे (बे म्हणजे आपल्याकडचं 'राव') यांनी हळद खरेदीसाठी मला दुभाषा करून इथे आणलं. तिकडे तापाने पडलो होतो तेव्हा त्यांच्याच घरचं सूप प्यायलोय. म्हणून पुढचं लिहिताना हात कचरतो.

जीपने सेनगावकडे निघालो. वाटेत हॉटेलवाल्याने विचारलं, पिठलं की वांगं? ओरहान बे म्हणाले, "हा बू, हा ओ." (हे काय, ते काय, सारखंच.) तुर्कीत दोन्ही गोष्टींआधी एकेक 'हा' लावला की बोलणाऱ्याला कशाचंच काही पडलेलं नाही, असं होतं. जेवताना ते सभ्यपणाचं वाटतं. हॉटेलवाल्याने हसून दोन्ही वाढलं, वर ठेचा.

सेनगावात हळद पिकवणाऱ्या सुशीलाबाईंच्या अंगणात मात्र माझं डोकं फिरलं. तिथे हळदीचे दोन ढीग होते, एक त्यांचा, एक शेजाऱ्याचा. दर साली मोंढ्यात (बाजारात) गेला की बाईंचा माल चार जणांच्या मालात हरवायचा. यंदा पहिल्यांदाच घेणारा दारात आला होता.

"हा बू, हा ओ," ओरहान बे म्हणाले. "एकत्र भरा."

मी सांगितलं. बाई म्हणाल्या, "काहून? पाव्हनं डोळे घरी ठिवून आले काय?"

त्यांनी आपल्या ढिगातलं हळकुंड मोडलं. खट्ट आवाज आला. शेजाऱ्याचं नुसतं वाकलं.

"आईका म्हणावं. आमी रोज उलटीपालटी करून वाळवलं. त्यात हे वलं मिसळलं तं माझ्या मालाला बी बुरशी लागन."

मी सगळं तुर्कीत सांगितलं, त्यात पदरचं थोडं घातलं. ओरहान बे हसले. "शेवटी पूडच होणार."

हेही मी बाईंना सांगितलं. बाईंनी पोत्याचं तोंड आवळलं. "ज्याला दोनी सारखंच, त्याला शेजाऱ्याचं द्या. माझं राहू द्या, भाऊ."

शेजाऱ्याचा माल घेऊन निघालो. जीपमध्ये ओरहान बेंनी विचारलं, "रागावली का?"

"व्हय," माझ्या तोंडून मराठीच निघालं. मग तुर्कीत म्हणालो, "मीही रागावलोय. मालक आहात म्हणून इतका वेळ बोललो नाही."  माझी नोकरी गेली, असंच धरून चाललो.

नोकरी राहिली. मर्सिनला पोती उघडली, तर आत पांढरी बुरशी. ओरहान बेंनी फोन माझ्यापुढे धरला. मी सुशीलाबाईंना लावला, त्यांचा माल मागितला.

"उशीर केला, भाऊ. मोंढ्यात गेला माल. आता कोनाच्या पोत्यात हाये, मला बी सांगता यायचं न्हाई."

ओरहान बे माझ्या तोंडाकडे बघत होते. सूप पाजणाऱ्या माणसाला मी ते शब्द जसेच्या तसे सांगितले. दुभाषाने एवढं तरी करावं.