आकाराम गुळव्याच्या अंगातला देव

आकाराम गुळव्या भित्रा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. उकळत्या रसाच्या काहिलीकाठी उभं राहून, नुसता फेस बघून गूळ कधी उतरवायचा हे सांगणारा माणूस तो. पंचगंगेकाठच्या चार गावांत त्याच्या हातचा गूळ नाव राखून होता. पण त्रेपन्न सालच्या हंगामात एका सकाळी तो अंथरुणात डाव्या कुशीवर वळला आणि वरचं आढं गरगरा फिरायला लागलं. डोळे मिटले तरी फिरणं थांबेना. अर्ध्या मिनिटात सगळं पुन्हा जागच्या जागी आलं, तेव्हा तो कसाबसा परड्यात गेला आणि भडाभडा ओकला.

पित्त झालं म्हणून त्यानं ते सोडून दिलं. पण त्याच दिवशी गुऱ्हाळावर धूर कुठं जातोय ते बघायला त्यानं मान वर केली, आणि पायाखालची जमीनच सरकली. चुलवाणात चिपाडं घालणारा जोतीराम शेजारी होता. त्यानं कमरेला मिठी मारून मागं ओढलं. काहील वीतभर लांब राहिली होती, वीतभर! त्या दिवसापासून आकारामच्या काळजाचं पाणी झालं. गुऱ्हाळ सुटलं. मान वळवायची झाली तर तो आख्खा वळायचा, आणि झोपायचा भिंतीला टेकून, बसूनच.

बायको शालूबाईनं एकदा त्याला बळंबळंच आडवं केलं आणि तोंडात पाणी घालायला वाकली, तर नवऱ्याची बुबुळं झटके देत नाचत होती. तिनं असा हंबरडा फोडला की गल्ली गोळा झाली. त्यात त्याची आत्या चिमणाबाई होती. ती वाकली, डोळे पाहिले, आणि गुलाल मागितला. जोतिबा आला म्हणाली. झालं! आता चिमणाबाईच्या तोंडाला कोण लागणार? कुणाच्या अंगात देव उभ्यानं येतो, याच्या अंगात आडवा होऊन यायचा, एवढाच काय तो फरक.

दर रविवारी माणसं जमायला लागली. चौघं मिळून त्याला धरायचे, डाव्या कुशीवर पाडायचे, बुबुळं नाचायला लागली की ‘चांगभलं’ म्हणून प्रश्न विचारायचे. आकारामची बोबडी वळायची. घर फिरतंय, पोट ढवळतंय, आणि कानाशी कुणीतरी विचारतंय, म्हैस गाभण राहील का? एक गोष्ट मात्र त्याच्या लक्षात आली. ‘व्हय’ म्हटलं की लगेच उठवून बसवतात. मग तो सगळ्यांनाच व्हय म्हणायला लागला. पुढं पुढं तर तो ऐकायच्या आधीच व्हय म्हणून मोकळा व्हायचा.

तीन रविवार असे गेले. मग शालूबाईचा भाऊ सयाजी आला. तो कोल्हापुरात एका डॉक्टरांकडं कंपाउंडर होता. त्यानं हा प्रकार ऐकला आणि पुढच्या शनिवारी, बाजाराला जातो असं चिमणाबाईला सांगून, दाजीला एसटीत घातलं.

डॉक्टरांनी आधी त्याला बसवूनच तपासलं. बोट डोळ्यांपुढून फिरवलं, सरळ रेषेत चालायला लावलं, डोकं दुखतं का, एकाचे दोन दिसतात का, असं सगळं विचारून घेतलं. मग टेबलावर निजवून डोकं कडेखाली लोंबतं ठेवलं आणि डावीकडं वळवलं. आकाराम घाबरून त्यांच्या कोटाला लटकला. दोन-चार सेकंद काहीच नाही, आणि मग बुबुळं सुटली. डॉक्टर शांतपणे घड्याळ बघत होते. थांबल्यावर त्यांनी तेच पुन्हा केलं, आणि बुबुळं कमी नाचली. तिसऱ्यांदा जेमतेम, चौथ्यांदा तर हललीच नाहीत.

डॉक्टर म्हणाले, तुमचे डोळे चांगले आहेत, खोड कानात आहे. कानाच्या आत तोल सांभाळणारं इंद्रिय असतं, ते डावीकडचं बिघडलंय. डोकं थांबलं तरी ते मेंदूला कळवत राहतं की डोकं फिरतंय, आणि डोळे बिचारे त्या खोट्या बातमीमागं धावतात. औषध एकच. ज्या कुशीची भीती वाटते त्याच कुशीवर रोज सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा मुद्दाम पडायचं. मेंदूला सवय होते, आणि काही आठवड्यांत फिरणं विरतं. पुन्हा कधी उलटू शकतं, म्हणून काहिलीपासून तूर्त लांब राहा.

आकारामला हसू फुटलं. चिमणाआत्यानं औषधच चालवलं होतं की! पण हात धुता धुता डॉक्टर बोलत होते. सगळ्यांचंच असं साधं नसतं. कुणाचे डोळे जन्मापासून हलतात, तेही जिवावरचं नसतं. कुणाला फिटच्या गोळ्या जास्त झाल्या की होतं. पण बसल्या जागी डोळे हलायला लागले, चालताना तोल जायला लागला, सकाळी डोकं दुखून उलटी होते, असं असेल तर मेंदूत गाठ असू शकते. त्याला एक दिवसही घरी ठेवू नये.

आकारामचं हसू जागीच थिजलं. गेल्या रविवारी गावातल्याच झुंबरबाईनं विचारलं होतं. तिची सात वर्षांची नात, हौसा. पोरगी झोकांड्या खाते, सकाळी डोकं धरून ओकते, आणि महिन्यापासून बसल्या बसल्या डोळे नाचतात. देवा, तिच्या अंगात पण तूच हाईस का? घरीच ठिवू का तिला?

व्हय म्हणाला होता तो.

एसटीतून उतरला तो धावतच झुंबरबाईच्या दारात. धापा टाकत त्यानं सांगितलं, पोरीला आत्ताच्या आत्ता कोल्हापूरला न्यायची. झुंबरबाई हलली नाही. देवानं ठेव म्हणून सांगितलंय, देवाचा शब्द मोडणारा तू कोण, असं म्हणाली.

मग आकाराम तिथंच सोप्यात जमिनीवर आडवा झाला. डाव्या कुशीला त्यानं मान टाकली, डोळे सताड उघडे ठेवले आणि वाट बघायला लागला. आढं फिरू दे. बुबुळं नाचू दे, आज एकदाच, मग देवाच्या तोंडानं सांगतो. झुंबरबाई हात जोडून वाकली. आढं जागचं हललं नाही. तो उठला, पुन्हा धाडकन पडला, पुन्हा उठला. सकाळी टेबलावर चारदा निजून डोळे पार थकले होते, तेवढ्यात त्यांना कुठली चक्कर यायला? सगळ्या आजारात वाटली नव्हती एवढी भीती त्याला त्या स्थिर आढ्याची वाटली.

तो उठून बसला. झुंबरबाई त्याच्या डोळ्यांत बघत होती.

“मावशे, द्येव न्हाय,” तो म्हणाला. “कवाच नव्हता. मला लवकर उठवावं म्हणून मी व्हय म्हटलो.”

झुंबरबाईनं त्याला शिवी दिली नाही. तिनं आत जाऊन पोरीला वाकळेत गुंडाळून आणलं आणि त्याच्या हातात दिलं. हौसाची बुबुळं डावीकडं, उजवीकडं, डावीकडं चालूच होती.

“सहा दिस गेलं की रं,” एवढंच ती म्हणाली, आणि गाडीसाठी बैल सोडायला गोठ्याकडं गेली.