शोभाकाकूची साक्ष

हसायचं तेवढं हसून घ्या, पण मधेच थांबवू नका मला. पोलिसात लागता लागता माझी नोकरी जाणार होती, आणि ती घालवायला दुसरं कोणी नाही, मी स्वतःच निघाले होते!

झालं असं. अमरावतीच्या भरतीच्या यादीत माझं नाव लागलं. अकोल्याच्या जुन्या शहरात आमचं घर. आईनं गल्लीत घरोघरी पेढे वाटले. आता फक्त चारित्र्य पडताळणी राहिली होती. ठाण्यातून माणूस येतो, शेजाऱ्यांना विचारतो पोरगी कशी आहे, एवढंच. मला कसली भीती? मी आयुष्यात कोणाच्या झाडाची चिंचही तोडलेली नाही.

पण ग्राउंडवर आमच्यासोबत मंगेश धावायचा. भरतीत तीनदा नापास, त्यामुळे सगळे नियम त्याला तोंडपाठ. तो म्हणाला, "कर्ज थकलं असलं तर घेत नाहीत बरं. सीधं यादीतून बाहेर."

ऑनलाइन सरावासाठी मी हप्त्यावर मोबाइल घेतला होता आणि दोन हप्ते थकले होते. दुकानवाल्याचा त्याच आठवड्यात फोन आला होता, की आता वसुलीचा माणूस घरीच पाठवतो. आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. म्हणजे तो माणूस आला, गल्लीत बोभाटा झाला आणि मागून पोलीस चौकशीला आले, की खेळ खलास.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून कांदे घेऊन येत होते. ऊन एवढं, की डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फात. आमच्याकडे पोरी अशाच फिरतात. सख्खा भाऊ रस्त्यात ओळखत नाही. पाहते तर दारासमोर मोटरसायकल लावून एक माणूस उभा, साधे कपडे, काखेत फाइल. मला विचारतो, अर्चना इथंच राहते का?

आला वसुलीवाला, मी मनात म्हटलं.

"राहत होती," मी म्हणाले. "आता मुंबईले गेली पळून."

"वागाले कशी होती?"

बघा, इथं गप्प बसायला हवं होतं की नाही? पण मला वाटलं, पोरगी इतकी वाया गेलेली दाखवावी की हा पुन्हा या गल्लीत फिरकू नये. मग काय, सुटलेच मी! अख्ख्या गल्लीचे पैसे बुडवले तिनं, म्हटलं. मागायला गेलं की अंगावर धावून यायची. तो शांतपणे वहीत लिहून घेत होता. मारामारीचं विचारलं, तर तेही रोजचंच म्हणून सांगितलं. हप्तेवाल्याला मारामारीशी काय करायचं, हे डोक्यात यायला हवं होतं ना? नाही आलं.

शेवटी त्यानं माझं नाव विचारलं. मी शेजारच्या शोभाकाकूचं ठोकून दिलं.

तेवढ्यात आई चहाचा कप घेऊन बाहेर आली.

"अर्चे, उनात काहून उभी हायेस वं? साहेबाले आत बोलाव. सकायीच फोन आला होता, ठाण्यातून तुह्याच चौकशीले आले ते."

माझ्या हातातली पिशवी सुटली. कांदे पार नालीपर्यंत गेले.

आत बसून मी रडत रडत सगळं कबूल केलं, आईसमोरच. आईनं डोक्याला हात लावला. साहेब मात्र हसता हसता चहा सांडायला लागले.

"हप्ते पाहून घरी पाठवलं असतं, तर ठाण्याले कुलूप लागलं असतं," ते म्हणाले. "माह्या गाडीचेच चालू हायेत अजून. कर्ज लपवू नको, भरून टाक. पोरगी खोटं बोलते का, ते पाहतो आमी."

हे ऐकून तर मी आणखीच रडले.

आईनं त्याच संध्याकाळी दोन्ही हप्ते भरले आणि मोबाइल महिनाभर स्वतःच्या कपाटात ठेवला. पण ते नंतर. आधी साहेबांनी ते पान खोडलं आणि नव्यानं साक्ष घ्यायला खऱ्या शोभाकाकूंना बोलावलं.

"लय गुणाची पोरगी हाये, साहेब," काकू छातीवर हात ठेवून म्हणाल्या. "खोटं म्हणून कधी बोलत नाही."

साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा काकूंकडे. मग हळूच विचारलं, "तुमी खरंच शोभाबाई ना?"

नोकरी लागली, हप्ते फिटले. साहेबांनी त्या दिवशी सात घरी विचारलं, सगळ्यांनी माझी तोंडभर स्तुती केली. अख्ख्या गल्लीत माझ्याबद्दल वाईट बोलणारी एकच बाई निघाली, आणि तिच्या तोंडाला माझाच स्कार्फ होता.